घमेल्यासारखी दिसणारी जगज्जेती

वाचकांचे प्रश्न, वर्कशॉपमधली उत्तरं

प्रश्न : सर, नमस्कार. घरात दोन महिने एक वाद पेटलाय, तो तुम्हीच मिटवा. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला फॉर्म्युला वनचं वेड आहे. फेब्रुवारीत नव्या गाड्यांचे फोटो आले की मोबाइल माझ्या नाकासमोर धरून सांगतो, 'बाबा, ही जिंकणार, ही मागे राहणार.' त्याचं म्हणणं असं की जी गाडी देखणी असते ती पळतेच, कारण दोन्हीकडे हवाच काम करते. मी एसटीत मेकॅनिक होतो. माझं म्हणणं, दिसतं तसं नसतं. पैज लागली आहे. हरेल त्याने सगळ्या घराला कोल्हापूरला नेऊन मटणाचं ताट खाऊ घालायचं. निकाल द्या.
— एक वाचक, कराड

उत्तर : निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. चिरंजीव हरले. पण तुम्हीही जिंकला नाहीत. कसं ते सांगतो, थोडं लांबेल.

१९८१ साली मी डिप्लोमाला होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीचं दुकान होतं, तिथे मोटारींची जुनी इंग्रजी मासिकं वजनावर मिळायची. अशाच एका अंकाच्या मधल्या पानावर मी पहिल्यांदा फेरारी ३१२ टी-४ पाहिली. रंग लाल, तेवढा फेरारीचा. बाकी गाडी म्हणजे गवंड्याने काम संपवून उलटं टाकलेलं घमेलं. वरचं अंग रुंद आणि चपटं, पुढे फावड्यासारखी विंग, मध्ये ड्रायव्हरचं डोकं कुणीतरी नंतर आठवण झाल्यासारखं बसवलेलं. मी पान उलटणारच होतो. खालची ओळ शब्दकोश घेऊन वाचली तेव्हा कळलं की १९७९ची जगज्जेती ती हीच. पहिल्याच शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला, या गाड्यांनी पहिला आणि दुसरा क्रमांक घेतला : जिल व्हिलनव्ह पुढे, जोडी शेक्टर मागे. वर्षभरात दोघांनी तीन-तीन शर्यती जिंकल्या, शेक्टर विश्वविजेता झाला आणि संघांचं विजेतेपदही फेरारीकडे आलं.

ती तशी का दिसायची, यालाही कारण होतं. फेरारीचं बारा सिलिंडरचं इंजिन आडवं पसरलेलं होतं, सहा सिलिंडर डावीकडे, सहा उजवीकडे. त्या काळात सगळे गाडीच्या पोटाखालून हवेला वाट करून देण्याच्या मागे लागले होते. (त्याबद्दल पुढे सांगतो.) फेरारीची सिलिंडर हेड नेमकी त्या वाटेवर ठाण मांडून बसली होती. खाली जागा नाही म्हटल्यावर वरचं अंग रुंद करून जमेल तेवढी हवा कामाला लावली. म्हणजे ते घमेलं कुणाच्या आवडीनं झालेलं नव्हतं, अडचणीतून झालेलं होतं. पण इंजिन दणकट होतं, गाडी मध्येच बंद पडून उभी राहत नव्हती, आणि तेवढ्यावर वर्ष निघालं.

आता खरी गंमत. १९८०ला फेरारीने टी-५ आणली. शेजारी शेजारी फोटो ठेवलेत तर तुमच्या चिरंजीवांनाही फरक सांगताना घाम फुटेल. तेच घमेलं, तेच फावडं, तेच दोघे ड्रायव्हर. पूर्ण वर्षात मिळून गुण किती? आठ. व्हिलनव्हचे सहा, शेक्टरचे दोन. संघ दहावा. आणि माँट्रियलला तर विद्यमान जगज्जेता शेक्टर शर्यतीला पात्रसुद्धा ठरला नाही. वर्षअखेर त्याने निवृत्ती घेतली. रूप तेच राहिलं. मधल्या वर्षात बाकीच्यांच्या गाड्यांच्या पोटाखाली काय झालं, ते फोटोत येत नाही.

तर पोटाखालची गोष्ट. आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं की वेगवान वस्तू म्हणजे हवा कापत जाणारी, निमुळती, माशासारखी. शर्यतीच्या गाडीला हे पूर्ण लागू नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीची चाकं उघडी असतात, तिला पंख लावलेले असतात, आणि हवेचा अडथळा मोजला तर तिचा गुणांक तुमच्या दारातल्या सेदानच्या दुपटीहून जास्त भरतो. तरी ती चालते, कारण तिला हवेकडून मुख्य हवं असतं ते वजन. गाडी हलकी ठेवायची आणि वळणावर मात्र ती जड असल्यासारखी टायरवर दाबली गेली पाहिजे, असा तो दुहेरी हट्ट. विमानाचा पंख उलटा लावला की हवा उचलण्याऐवजी दाबते. त्याहून हुशारीची युक्ती म्हणजे गाडीचा तळच उलट्या पंखासारखा घडवायचा. रस्ता आणि तळ यांच्यामधून हवा चिंचोळ्या जागेत घुसते, वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. एसटीच्या खिडकीचा पडदा बाहेर ओढला जातो ना, त्याच घराण्यातली ही गोष्ट.

हे फॉर्म्युला वनमध्ये नीट जमवलं लोटसने. १९७८ची लोटस ७९, काळी, सोनेरी रेषांची. ही देखणी होती, वादच नाही. आजही तिचा फोटो पाहिला की मी चहा थंड होऊ देतो. बेल्जियमला झोल्डरच्या शर्यतीत मारिओ आंद्रेत्तीने तिला पहिल्यांदा उतरवली, पहिल्या जागेवरून सुरुवात केली आणि जिंकला. वर्षाचं विजेतेपदही त्याचंच. चिरंजीव इथे टाळी वाजवतील. त्यांना म्हणावं, हात जरा खाली ठेव.

कारण पुढच्याच वर्षी लोटसने ८० क्रमांकाची गाडी काढली. विचार असा, की गाडीचा अर्धा तळ एवढं काम करतो तर नाकापासून शेपटीपर्यंत सगळाच तळ कामाला लावू, मग पंखांची गरजच काय? हिरव्या रंगाची, लांब, गुळगुळीत गाडी. ७९पेक्षाही सुबक, निदान माझ्या डोळ्यांना. ती धावायला लागली आणि उड्या मारायला लागली. तळ रस्त्याच्या फार जवळ गेला की हवा कोंडते, ओढ सुटते, गाडी वर येते. वर आली की हवा पुन्हा वाहते, गाडी पुन्हा खाली खेचली जाते. हे सेकंदात कित्येक वेळा. तळाच्या दोन्ही कडांना हवा अडवायला सरकत्या झालरी होत्या, त्या वळणदार केल्यामुळे अडकायच्या. शेवटी ज्या पंखांना सुट्टी दिली होती ते परत लावले. आंद्रेत्तीने ती तीन शर्यतींत चालवली. पहिल्या, स्पेनच्या शर्यतीत तिसरा आला, आणि तिथून पुढे काही नाही. दुसरा ड्रायव्हर रॉयटेमान तिच्यात शर्यतीला बसलाच नाही. संघ मुकाट्याने जुन्या ७९कडे परतला आणि १९७९मध्ये लोटसने एकही शर्यत जिंकली नाही.

असाच माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय १९९२ची फेरारी, एफ-९२-ए. लढाऊ विमानासारखी हवा घेणारी गोल तोंडं, आणि खाली दोन मजली तळ, म्हणजे बाजूचं अंग तळापासून उचललेलं आणि मधल्या फटीतून हवा. तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. तिचं कात्रण वर्कशॉपच्या कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवलं होतं, जिथे आधीच्या इन्स्ट्रक्टरने दत्ताचं कॅलेंडर लावायचं. त्या गाडीने वर्षभरात काय केलं? जाँ अलेसी दोनदा तिसरा आला. बस. त्याचे अठरा गुण, जोडीदार कापेलीचे तीन. त्या वर्षी सोळापैकी दहा शर्यती जिंकलेल्या विल्यम्सच्या पुढच्या चाकांजवळ अंगावर दोन टेंगळं होती, कारण आत संगणकाने चालणारं सस्पेन्शन बसवायला जागा हवी होती. कात्रण मी काढलं नाही. सुंदर ते सुंदरच.

म्हणजे मग कुरूप गाडीच जिंकते का? तसंही नाही, नाहीतर काम सोपं झालं असतं. १९७०मध्ये अमेरिकेत जिम हॉलने चॅपरल २-जे नावाची गाडी कॅन-ॲम या कॅनडा-अमेरिकेतल्या शर्यतींच्या मालिकेत आणली. फ्रिज ज्या खोक्यातून येतो तो खोका आडवा करा, मागे दोन पंखे लावा, झाली. हे पंखे तळाखालची हवा उपसायचे आणि ते फिरवायला बर्फावर चालणाऱ्या स्कूटरचं वेगळं इंजिन. एकट्याने वेळ लावायची तेव्हा ती भल्याभल्यांना मागे टाकायची. शर्यतीत मात्र काही ना काही तुटायचं. एकही शर्यत न जिंकता वर्षअखेर तिच्यावर बंदी आली.

आणि ज्यांना दोन्ही बाजूंनी पुरावा हवा असेल त्यांच्यासाठी २०१२. त्या वर्षी सुरक्षेसाठी नाकाचं टोक खाली आणायचा नियम आला. टोक जमिनीपासून ५५० मिलिमीटरच्या वर नको, पण त्यामागचं अंग ६२५ पर्यंत चालेल. तळाखाली जास्त हवा जावी म्हणून बहुतेकांनी अंग उंचच ठेवलं आणि मध्ये पायरी पडली. अर्धवट बांधलेल्या जिन्यासारखी ती नाकं. मॅक्लारेनसारख्या एखाद-दुसऱ्या संघाने अंग आधीपासून खाली ठेवलं होतं, त्यामुळे तिचं नाक सरळ, नितळ उतरत आलं होतं. वर्षअखेर हिशेब काय? पायरीवाली रेड बुल सात शर्यती जिंकली, नितळ मॅक्लारेन पण सातच. विजेतेपद रेड बुलला. मॅक्लारेन संघांमध्ये तिसरी.

आता चिरंजीवांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचं म्हणणं सगळंच टाकाऊ नाही. देखणेपणावरून काही कळत नाही. दिसण्यावरून कळतं. या दोन्हींत फरक आहे, आणि तो मला नीट समजला पोर्शे ९१७च्या गोष्टीवरून.

ही १९६९ची गाडी. लांब निमुळती शेपटी, पाहताक्षणी वाटावं की हवेला हिचा पत्ताच लागत नसेल. प्रत्यक्षात ती सरळ रस्त्यावरही भरकटायची, सराईत ड्रायव्हर तिच्यात बसायला कचरायचे, आणि त्या वर्षी फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत एका ड्रायव्हरचा तिच्यात जीव गेला. ऑक्टोबरात ऑस्ट्रियात झेल्टवेगच्या ट्रॅकवर चाचणी घ्यायला पोर्शेची माणसं आणि पुढच्या वर्षी या गाड्या पळवणाऱ्या ब्रिटिश संघाची माणसं जमली. सस्पेन्शन बदलून झालं, टायर बदलून झाले. गाडी आपली तशीच. तेव्हा ब्रिटिश संघाचा इंजिनीअर जॉन हॉर्समन गाडीपाशी उभा राहून तिचं अंग न्याहाळत होता. ट्रॅकवर चिलटं भरपूर. पुढच्या काचेवर, अंगावर सगळीकडे ती चिरडून चिकटली होती. शेपटी मात्र स्वच्छ. एक चिलट नाही. म्हणजे हवा तिथे टेकतच नव्हती. वरच्या वर सुटून जात होती, आणि ती सुंदर शेपटी नुसती मागून फरफटत येत होती. तिथल्या तिथे ॲल्युमिनियमचे पत्रे कापले, रिव्हेट आणि चिकटपट्टीने जोडून शेपटी आखूड आणि उंच केली. पॅच मारलेली ती गाडी ड्रायव्हर घेऊन गेला आणि एक-दोन फेऱ्यांत परत येण्याऐवजी फिरतच राहिला. तीच आखूड शेपटी घेऊन ९१७ने १९७० आणि १९७१, दोन्ही वर्षी ल माँ जिंकली.

आज आपण त्या आखूड शेपटीच्या ९१७ला देखणी म्हणतो. पोरं तिची खेळणी घेतात. मला विचाराल तर देखणेपण बरेचदा निकालानंतर येतं. २०१८मध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान आली तेव्हा कोण ओरडलं नाही? चपलेचा अंगठा म्हणून चेष्टा झाली. २०२०मध्ये बहारीनला ग्रोझाँची गाडी लोखंडी कठड्यात घुसून पेटली आणि तो त्या कमानीमुळे जिवंत बाहेर आला. आता जुन्या, बिनकमानीच्या गाड्याच उघड्याबोडक्या वाटतात.

एक स्वतःचं पाप कबूल करतो. निवृत्तीच्या आधी काही वर्षं आमच्या कॉलेजच्या मुलांच्या रेसिंग टीमला मी वर्कशॉपमध्ये मदत करायचो. एका वर्षी पोरांनी ठरवलं, गाडी अशी करायची की परीक्षकांचे डोळे फिरले पाहिजेत. थर्माकोलचे ठोकळे कापून आकार, त्यावर पीओपी, पुट्टी, मग ४००चा पॉलिश पेपर, ८००चा, १२००चा. पाच रात्री. फायबरची अंगं साच्यातून निघाली ती काचेसारखी. बाजूला रेडिएटरच्या तोंडाला माशाच्या कल्ल्यासारखी चिंचोळी फट ठेवली होती. ती कल्पना माझी. पोरं तोंड मोठं ठेवत होती, मीच म्हणालो, 'अरे, हे बादलीसारखं दिसतंय, जरा बारीक करा.' कोइमतूरला स्पर्धेत गाडीपाशी गर्दी झाली, लोकांनी सेल्फी काढले. शेवटची परीक्षा सहनशक्तीची : सुमारे २२ किलोमीटर, मध्ये ड्रायव्हर बदलायचा. नवव्या फेरीला तापमान ११०च्या वर. ड्रायव्हर बदलायला थांबलो आणि ते ३९० सीसीचं इंजिन परत चालूच झालं नाही. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. आमची काचेसारखी गाडी चौघांनी ढकलत बाहेर आणली.

परत आल्यावर एका मुलीने घरून जुना स्वेटर उसवून लोकर आणली. तीन-तीन इंचाचे धागे कापून गाडीच्या अंगावर ओळीने चिकटपट्टीने लावले. पहाटे साडेपाचला कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर गाडी ५०च्या वेगाने पळवली आणि बाइकवरून मोबाइलने शूटिंग केलं. नाकावरचे धागे छान पाठीमागे झोपलेले. माझ्या त्या कल्ल्यापाशी मात्र धागे बाहेरच्या बाजूला वळून वेड्यासारखे गरगरत होते. हवा आत जातच नव्हती. दारावरून नमस्कार करून पुढे निघत होती. पुढच्या वर्षी सरळ चौकोनी तोंड, मागे पंखा, पत्र्याच्या पट्ट्या. पोरांनी तिचं नाव 'टिफिन' ठेवलं. टिफिनने २२ किलोमीटर पूर्ण केले. तिच्याबरोबर सेल्फी कुणी काढला नाही.

राहता राहिली तुमची पैज. फेब्रुवारीच्या फोटोवरून चिरंजीव सांगतात ना? त्यांना २०२२ची आठवण करून द्या. रेड बुलने अनावरणाला जी गाडी दाखवली ती शर्यतीची गाडीच नव्हती, नमुन्याच्या सांगाड्यावर नवा रंग चढवला होता. मर्सिडीजने फेब्रुवारीत बार्सिलोनाला एक गाडी चालवली आणि मार्चमध्ये बहारीनला आणली ती बाजूचं अंग जवळजवळ कापून टाकलेली. सगळे तोंडात बोटं घालून बघत राहिले, इतकी ती चिंचोळी आणि धाडसी दिसत होती. तिने लोटस ८०सारख्याच उड्या मारल्या आणि अख्ख्या वर्षात एक शर्यत जिंकली, ब्राझीलची. २००९ची ब्रॉन संघाची गाडी तर पांढरीफटक, प्रायोजकांची नावंही जेमतेम. तिने वर्षाच्या पहिल्या सातपैकी सहा शर्यती मारल्या, आणि गोम होती मागच्या बाजूला तळाशी, हवा बाहेर पडते तिथल्या दोन मजली डिफ्यूझरमध्ये. गुडघ्यावर बसल्याशिवाय न दिसणारी.

जाणकार कुठे बघतात ते २०२३ला मोनाकोत दिसलं. पात्रता फेरीत पेरेझची रेड बुल पहिल्याच वळणावर आदळली आणि क्रेनने ती उंच उचलली. रेड बुलने त्या वर्षी २२पैकी २१ शर्यती जिंकल्या, त्यामुळे तिच्यात काय आहे हे सगळ्यांनाच हवं होतं. वरून ती रोजच टीव्हीवर दिसायची. क्रेनला ती लटकली तेव्हा मात्र कॅमेरे तिच्या पोटाकडे वळले, आणि बाकीच्या संघांचे इंजिनीअर ते फोटो किती दिवस मोठे करकरून बघत बसले असतील, कल्पना करा.

तेव्हा चिरंजीवांना सांगा, पुढच्या वेळी फोटो आला की सुंदर आहे का ते बघू नकोस. रेडिएटरचं तोंड केवढं, मागचं अंग चाकांच्या मध्ये किती आवळलंय, तळाची कड कशी वळवलीय, ते बघ आणि मग बोल. तसं बघून तो बरोबर निघाला तर माझ्या हिशेबाने ताटाचे पैसे तुम्ही द्या. या वर्षीचं ताट त्याच्याकडून. तांबडा रस्सा दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, तिला प्रकल्पासाठी 'रंग आणि वेग' हा विषय मिळालाय. हल्ली शर्यतीच्या बऱ्याच गाड्यांचा मोठा भाग काळा असतो. काळ्या रंगाने वेग वाढतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तो बरेचदा काळा रंग नसतोच, रंगाचा अभाव असतो. गाडीचं अंग कार्बन फायबरचं, आणि ते मुळातच काळं. २०२३मध्ये फॉर्म्युला वनच्या गाडीला किमान ७९८ किलो वजन हवं होतं आणि कित्येक संघांना तिथपर्यंत खाली येणंच जमत नव्हतं. रंगाचे थर वजनाला किलोंत भरतात. म्हणून जिथे नाव किंवा जाहिरात नाही तिथला रंग लावलाच नाही. मर्सिडीजची त्या वर्षीची काळी गाडी याच कारणाने काळी होती.

मुलीला एक गोष्ट सांगा, पण शेवटचं वाक्य गाळू नका. १९३४मध्ये जर्मनीत न्युरबर्गरिंगला शर्यत होती, गाडी जास्तीत जास्त ७५० किलोची हवी असा नियम. मर्सिडीजची पांढरी गाडी एका किलोने जड भरली, म्हणून रात्रभर घासून रंग काढला, खालचा चंदेरी पत्रा उघडा पडला आणि 'चंदेरी बाण' हे नाव पडलं. गोष्ट संघाच्या व्यवस्थापकानेच पुढे रंगवून सांगितली आणि इतिहासकार तिच्यावर शंका घेतात.

रंग कोणता, यावरून वेग वाढत नाही, पण कमीही होत नाही. वर ज्या पोर्शे ९१७बद्दल लिहिलंय तिचंच एक रुंद, फुगीर भावंड १९७१ला ल माँमध्ये धावलं. ते इतकं गुबगुबीत दिसत होतं की त्याला सरळ गुलाबी रंग दिला आणि खाटकाच्या दुकानातल्या तक्त्यासारख्या तुटक रेषा मारून मांसाच्या तुकड्यांची नावं लिहिली. 'गुलाबी डुक्कर' म्हणूनच ते ओळखलं जातं. पाचव्या क्रमांकावर असताना ब्रेकने दगा दिला आणि ते कठड्यावर गेलं. प्रकल्पाच्या वहीत हे चित्र काढायला मुलीला मजा येईल.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकला मागे मोठा स्पॉयलर लावतोय. गाडी रस्त्याला जास्त धरेल ना?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६०वर जेवढा असतो त्याच्या सोळापट तो २४०वर असतो. शर्यतीची गाडी २४०ला वळते, तुम्ही म्हापशाच्या बाजारातून २०ने जाता आणि हायवेला ८०ने. त्या वेगाला तो स्पॉयलर फक्त ओझं आहे. शिवाय तुमच्या गाडीला इंजिनचा जोर पुढच्या चाकांना. मागच्या चाकांवर दाब दिलात तर ओढणाऱ्या चाकांना काय मिळालं?

हौसेसाठी लावायचा असेल तर लावा, हौसेला मी नाही म्हणत नाही. माझ्याही कपाटाच्या दारावर एफ-९२-ए होती. फक्त लावणाऱ्याला विचारा की मागच्या दाराला ड्रिल मारणार की दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बसवणार. ड्रिल मारायचं म्हणाला तर भोकांच्या कडांना आतून प्रायमर आणि सीलंट लावून घ्या, आणि ते काम होईपर्यंत तिथून हलू नका. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला दुसऱ्या पावसाळ्याची वाट बघावी लागत नाही.